प्याद्यांच्या एंडगेममध्ये इंजिन नेमके काय सांगते?

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये जागतिक अजिंक्यपद लढतीच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात तत्कालीन विश्वविजेता डिंग लिरेनने गुकेशविरुद्ध पंचावन्नाव्या खेळीला आपला हत्ती एफ२ या घरात नेला (घराच्या नावातले अक्षर उभ्या स्तंभाचे, अंक आडव्या रांगेचा), आणि जगभरच्या पडद्यांवर पटाशेजारी उभी असलेली मूल्यमापनाची पट्टी, ज्याला सगळे इव्हॅल बार म्हणतात, क्षणात काळ्याच्या बाजूला झुकली. गुकेशने हत्तींची अदलाबदल केली, उंट डी५ वर आणून उंटांचीही अदलाबदल भाग पाडली, आणि पटावर दोन राजे, काळ्याची दोन प्यादी व पांढऱ्याचे एक प्यादे एवढेच उरले. अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने डाव सोडला. साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी अठरा वर्षांचा गुकेश विश्वविजेता झाला. त्यानंतर जो वाद पेटला, तो आजही बुद्धिबळाच्या वर्गांत, पालकांच्या गप्पांत आणि समालोचकांच्या बोलण्यात त्याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. एक बाजू म्हणते, की ज्या स्थितीचे उत्तर यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत देते, त्या स्थितीवर मुलांचे तास कशाला घालवायचे? दुसरी बाजू म्हणते, की यंत्राला प्याद्यांचा एंडगेम, म्हणजे फक्त राजे आणि प्यादी उरलेला डावाचा शेवट, मुळात कळतच नाही, ते फक्त मोजते. म्हणून त्याचा आकडा बाजूला ठेवा आणि जुन्या पुस्तकांकडे परत चला.

माझ्या मते दोन्ही बाजू एकच चूक करतात. पडद्यावरचा आकडा हे एका जाणत्याने दिलेले मत आहे, असे दोघीही गृहीत धरतात. एक त्या मतापुढे मान तुकवते, दुसरी ते मत नाकारते. प्रत्यक्षात प्याद्यांच्या एंडगेममध्ये इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम, तीन अगदी वेगळ्या मार्गांनी उत्तरापर्यंत पोहोचते, आणि त्या तिन्हींची विश्वासार्हता सारखी नाही. शिकलेला अंदाज, प्रत्यक्ष शोध आणि आधीच तयार करून ठेवलेली सारणी हे ते तीन मार्ग. आकडा यांपैकी कुठून आला, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याला इंजिन काहीही शिकवू शकत नाही; आणि ते ओळखायचे तर प्याद्यांचा एंडगेम स्वतःला यावा लागतो. म्हणून इंजिनामुळे या विषयाचे महत्त्व कमी झालेले नाही, उलट वाढले आहे, असे मी या लेखात मांडणार आहे.

आधी अंदाजाकडे पाहू. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे याचा आराखडा मांडला. वजिराला नऊ, हत्तीला पाच, उंट व घोड्याला प्रत्येकी तीन आणि प्याद्याला एक असे मूल्य द्यायचे. दुहेरी, एकाकी किंवा मागे पडलेल्या प्याद्याबद्दल अर्धा गुण कापायचा. उपलब्ध खेळ्यांच्या संख्येसाठी थोडे जास्त द्यायचे आणि बेरीज करायची. पुढची कित्येक दशके इंजिने याच सूत्राच्या अधिकाधिक बारकाईने लिहिलेल्या आवृत्त्या चालवत होती. मधल्या डावात हे सूत्र बऱ्यापैकी चालते, कारण तिथे एका प्याद्याचा फायदा म्हणजे खरोखरच काहीसा फायदा असतो. पण पुढची स्थिती घ्या. पांढरा राजा ई४ वर, पांढरे प्यादे ई३ वर, काळा राजा ई६ वर. खेळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो; खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. आता तेच प्यादे एक घर मागे, ई२ वर ठेवा. खेळी पांढऱ्याची असली तरी तो प्यादे ई३ वर सरकवून खेळण्याची पाळी काळ्यावर ढकलतो आणि जिंकतो. म्हणजे प्यादे मागे असणे इथे हिताचे आहे, कारण त्यात एक राखीव खेळी आहे. आता हीच जोडी पटाच्या कडेच्या स्तंभावर नेली आणि काळा राजा कोपऱ्यात पोहोचला, तर राखीव खेळी असो वा नसो, बरोबरीच होते. या सगळ्या स्थितींत शॅनन यांची बेरीज जवळपास एकच उत्तर देते, एका प्याद्याची आघाडी. खरे उत्तर मात्र एकदा विजय आणि एकदा बरोबरी असे उड्या मारते. ज्या प्रांतात सत्याला फक्त तीनच किमती आहेत, विजय, बरोबरी आणि पराभव, तिथे दशांश चिन्हातला आकडा कशाचे माप असतो? मोजणाऱ्याला अजून किती माहीत नाही, याचे.

आता कोणी म्हणेल, की हे जुने झाले. आजची इंजिने हाताने लिहिलेल्या सूत्रांवर चालतच नाहीत. हे खरे आहे आणि महत्त्वाचेही. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी तयार केलेली, प्रत्येक खेळीनंतर झटकन अद्ययावत होणारी न्यूरल नेटवर्कची रचना सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश या बुद्धिबळ-इंजिनाच्या बाराव्या आवृत्तीत आली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या १६.१ या आवृत्तीत हाताने लिहिलेले मूल्यमापन पूर्णपणे काढून टाकण्यात आले. पण त्यामुळे आकड्याचा स्वभाव बदलला, तो प्रेक्षकांच्या लक्षात आलेला नाही. डिसेंबर २०२२ च्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशमधल्या अधिक एक या आकड्याचा अर्थ एका प्याद्याची आघाडी असा राहिला नाही. इंजिन स्वतःशीच खेळले तर अशा स्थितीतून जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के, असा तो अर्थ ठरवण्यात आला. म्हणजे आकडा आता उघडपणे संभाव्यतेचा आहे. राजा-प्याद्यांच्या ज्या स्थितीचे उत्तर ठाम आहे, तिच्याबद्दल पन्नास टक्के म्हणणे हे हवामानाच्या अंदाजासारखे आहे. अंदाज बांधणाऱ्यासाठी तो उपयोगी असतो, पण पाऊस एक तर पडतो किंवा पडत नाही. नेटवर्क कोट्यवधी स्थितींवर शिकलेले असते, त्यामुळे त्याचा अंदाज शॅनन यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी सुजाण असतो. तरीही तो अंदाजच राहतो, आणि राजा एका घराने सरकल्यावर निकाल उलटणाऱ्या स्थितींत अंदाज सर्वांत आधी घसरतो.

इथे दुसरा मार्ग कामाला येतो, तो म्हणजे शोध. मधल्या डावात एका खेळाडूला सरासरी पस्तीसच्या आसपास वैध खेळ्या असतात. राजा आणि प्यादीच उरली की राजाच्या जास्तीत जास्त आठ आणि प्याद्यांच्या मोजक्या. फांद्या कमी झाल्या की त्याच वेळात इंजिन कितीतरी खोल उतरते. पण नुसत्या खोलीने काम भागत नाही, हे दाखवणारे सुंदर उदाहरण म्हणजे १९०१ सालची लास्कर आणि राइकहेल्म यांच्या नावाने ओळखली जाणारी स्थिती. पांढरा राजा ए१ वर, प्यादी ए४, डी४, डी५ आणि एफ४ वर; काळा राजा ए७ वर, प्यादी ए५, डी६ आणि एफ५ वर. सगळी प्यादी एकमेकांना अडून बसलेली आहेत, हलू शकतात ते फक्त राजे. पांढऱ्याला जिंकून देणारी खेळी एकच, राजा बी१. साध्या डोळ्यांना ती निरर्थक वाटते, कारण राजा लक्ष्याकडे जाण्याऐवजी पहिल्याच रांगेत बाजूला सरकतो. तिचे मर्म असे, की पटाच्या दोन्ही बाजूंनी आत घुसण्याची धमकी देताना पांढऱ्या राजाच्या प्रत्येक घराला काळ्या राजाचे एक ठरावीक उत्तर-घर असते, आणि बी१ वरून पांढरा अशा वाटेने येतो, की काळ्याला योग्य वेळी योग्य घर गाठता येत नाही. या जोडीच्या घरांच्या सिद्धांतावर चित्रकार मार्सेल द्युशाँ यांनी हालबर्स्टाट यांच्यासोबत १९३२ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले, इतका तो माणसांना गहन वाटला होता.

यंत्राने तो कसा सोडवला? १९७० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ माँटी न्यूबॉर्न यांनी केवळ राजा-प्याद्यांच्या एंडगेमसाठी एक स्वतंत्र प्रोग्राम लिहिला. पण वेगवेगळ्या वाटांनी येणारी तीच स्थिती पुन्हा पुन्हा नव्याने तपासणाऱ्या शोधाला लास्कर-राइकहेल्मसारखी स्थिती झेपणारी नव्हती. एकदा तपासलेल्या स्थिती स्मृतीत साठवून ठेवण्याची पद्धत जोडली गेली आणि तीच स्थिती किरकोळ झाली. कारण साधे आहे. प्यादी हलतच नसतील तर वेगळ्या स्थिती किती? पांढऱ्या राजाची चौसष्ट घरे, काळ्याची चौसष्ट, आणि खेळी कोणाची याचे दोन पर्याय. काहीही वजा न करता ८,१९२. माणसाला दीर्घ योजना वाटणारी गोष्ट यंत्राच्या दृष्टीने आठ हजार खोल्यांचा वाडा होती. प्रत्येक खोलीत एकदा डोकावले की काम संपले. आणि आजच्या संपूर्ण सार्वजनिक सारण्या (राजे व प्यादी धरून) सात मोहऱ्यांपर्यंतच जातात, तर या स्थितीत नऊ आहेत. म्हणजे इथे इंजिनाला सारणीचा थेट आधार नसतानाही ते अचूक खेळते. ज्यांना वाटते की यंत्र केवळ पाठांतरावर चालते, त्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

शोधाबद्दलची आणखी एक गोष्ट या वादात कोणीच मांडत नाही, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. इंजिने खोल उतरू शकतात, कारण ती बहुतेक फांद्या न तपासताच छाटतात. त्यातली एक फार प्रभावी युक्ती अशी: आपली पाळी सोडून दिल्याचे समजायचे, प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोन खेळ्या द्यायच्या, आणि तरीही आपली स्थिती पुरेशी चांगली राहत असेल तर ती फांदी पुढे तपासण्याची गरज नाही असे मानायचे. या युक्तीच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की खेळण्याची संधी ही नेहमी संपत्ती असते. प्याद्यांच्या एंडगेममध्ये नेमके तेच खोटे ठरते. तिथे पुष्कळदा पाळी हे ओझे असते; ज्याला खेळावे लागते तो हरतो, आणि खेळाडू त्याला झुग्झ्वांग म्हणतात. म्हणून पाळी ज्याची आहे त्याच्याकडे राजा व प्यादीच असतील, तर ही युक्ती बंद ठेवण्याची अट स्टॉकफिशसारख्या इंजिनांच्या लेखकांनी स्वतः घातलेली आहे. ही अट यंत्राला आपोआप सुचलेली नाही. बुद्धिबळपटूंनी शतकानुशतके जमवलेले ज्ञान कोणीतरी आठवून तिथे लिहिले. ज्या यंत्रामुळे प्याद्यांचे एंडगेम शिकणे निरुपयोगी झाले म्हणतात, ते यंत्र प्याद्यांचे एंडगेम जाणणाऱ्यांशिवाय नीट चाललेच नसते.

तिसरा मार्ग सारणीचा, म्हणजे टेबलबेसचा. इथे इंजिन-समर्थकांचा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. शेवटच्या स्थितींपासून, म्हणजे मात झालेल्या पटापासून, उलट दिशेने एकेक खेळी मागे जात प्रत्येक स्थितीचा निकाल ठरवायचा ही ती पद्धत. यात मत नाही, संभाव्यता नाही. जे लिहिले आहे ते सिद्ध आहे. राजा व प्यादे विरुद्ध राजा या सर्वांत लहान प्रकारात आरशातल्या प्रतिमा वगळल्यावर स्थिती उरतात १,९६,६०८. प्रत्येकीला विजय किंवा बरोबरी एवढेच नोंदवायला एक बिट पुरतो, म्हणून सगळे उत्तर चोवीस किलोबाइटमध्ये मावते, आणि स्टॉकफिशने ही छोटी सारणी अनेक वर्षे आपल्या पोटातच बाळगली होती. प्यादी सारणी बांधणाऱ्याला जड जातात. प्यादी नसलेला पट कसाही फिरवला तरी चालतो, पण प्यादी एकाच दिशेने जात असल्याने फक्त डावे-उजवे उलटता येते; शिवाय प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा होऊ शकतो, म्हणून त्या सगळ्यांच्या सारण्या आधी तयार असाव्या लागतात. तरीही मॉस्को विद्यापीठातल्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर २०१२ मध्ये सात मोहऱ्यांच्या सारण्या पूर्ण झाल्या, आणि रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी या आटोपशीर पद्धतीने सात मोहऱ्यांचा संच २०१८ मध्ये तयार झाला; तो सोळा टेराबाइटहून मोठा आहे.

या सारण्यांनी माणसांचा अहंकारही उतरवला आहे. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा एंडगेम बचाव करणाऱ्याला वाचवता येतो, असे क्लिंग आणि हॉर्विट्झ यांच्या १८५१ च्या विश्लेषणापासून मानले जात होते; संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८३ मध्ये सारणीच्या आधारे दाखवले, की तो सर्वसाधारणपणे जिंकता येतो. एवढेच नाही, अशा दीर्घ विजयांमुळे जागतिक महासंघाने पन्नास खेळ्यांच्या नियमात (मार किंवा प्याद्याची खेळी न होता पन्नास खेळ्या झाल्या तर बरोबरी) काही एंडगेमसाठी सवलती दिल्या आणि १९९२ मध्ये त्या मागेही घेतल्या. मग प्रश्न उरतोच: उत्तर सिद्ध आहे, खुले आहे, मोबाइलवर उपलब्ध आहे, तर मुलाने ऑपोझिशन (राजाने राजासमोर उभे राहून वाट अडवणे) आणि जोडीची घरे का घोकावीत?

पहिले कारण सिंगापूरच्या त्या डावातच आहे, आणि ते ‘स्पर्धेच्या सभागृहात मोबाइल नेता येत नाही’ या नेहमीच्या उत्तरापेक्षा खोल आहे. डिंगने हत्ती एफ२ वर नेला तेव्हा पटावर प्याद्यांचा एंडगेम नव्हताच. हत्ती होते, उंट होते. त्या क्षणी घ्यायचा निर्णय हा होता, की सगळे बदलून गेल्यावर जे उरेल ते वाचवता येईल का. इंजिनाला हा प्रश्न अवघड नाही, कारण दोन अदलाबदलींनंतर पाच मोहरे उरतात आणि शोध थेट सारणीत जाऊन टेकतो. माणसाला मात्र ते उत्तर आधीच हाताशी असावे लागते. गुकेशलाही ती चूक पहिल्या क्षणी दिसली नव्हती, असे त्याने नंतर सांगितले. दिसली तेव्हा मात्र त्याला पुढचे काही शोधावे लागले नाही. अदलाबदल करायची की टाळायची, हा एंडगेममध्ये वारंवार येणारा आणि मधल्या डावातही सतत डोकावणारा निर्णय, शेवटी उरणाऱ्या प्याद्यांच्या निकालावर टेकलेला असतो. प्याद्यांच्या एंडगेमचे ज्ञान मुख्यतः तो एंडगेम पटावर येण्यापूर्वी वापरायचे असते. मग ते ज्ञान ‘फार क्वचित उपयोगी पडते’ हा आक्षेप कशाच्या आधारावर घेतला जातो? पटावर किती वेळा फक्त प्यादी उरली याची मोजदाद करून. ती मोजदादच चुकीच्या गोष्टीची आहे.

दुसरे कारण असे, की सारणी उत्तर देते, पण स्पष्टीकरण देत नाही, आणि तिच्या खेळ्या अनुकरणीय नसतात. सिझिजीची सारणी पुढची प्याद्याची खेळी किंवा मार किती खेळ्यांवर आहे एवढेच मोजते; म्हणून तिच्या मते सर्वोत्तम असलेली खेळी कधीकधी अकारण काहीतरी देऊन टाकणारी असते, कारण त्यामुळे मोजणी लवकर शून्यावर येते. विजय टिकतो, पण शिकणाऱ्याला त्यातून नियम सापडत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचे विजेते वॉल्टर ब्राऊन थॉम्पसन यांच्या सारणीविरुद्ध वजीर विरुद्ध हत्ती खेळले. पहिल्या वेळी पन्नास खेळ्यांत त्यांना जिंकता आले नाही. ते परत गेले, त्या बचावामागची रीत त्यांनी अभ्यासली, आणि दुसऱ्या वेळी अगदी पन्नासाव्या खेळीच्या मर्यादेत जिंकले. सारणी मधल्या काळात बदलली नव्हती. फरक पडला तो माणसाने तिच्यातून काढलेल्या समजुतीमुळे.

आपल्याकडे कोष्टके आणि समज यांचा हा झगडा नवा नाही. गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचले, ते इतके सोयीचे होते की ज्या-चाप, म्हणजे त्रिकोणमितीच्या, किचकट गणिताशिवाय ग्रहांची स्थाने काढता येत. त्याच सोयीवर महाराष्ट्रातली पंचांगे पिढ्यान्‌पिढ्या चालली. एकोणिसाव्या शतकापर्यंत गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडले होते. ते ओळखायला आणि नवी कोष्टके रचायला केरूनाना छत्रे यांच्यासारखा, कोष्टकांमागचे गणित जाणणारा माणूस लागला. बुद्धिबळाची सारणी काळाबरोबर चुकत जात नाही, हा फरक मी नाकारत नाही. पण कोष्टक कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे कोष्टक स्वतः सांगत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. सात मोहऱ्यांपलीकडच्या स्थितीत सारणी गप्प असते आणि पडद्यावर पुन्हा अंदाज येतो, तोही त्याच जागी, तशाच ठळक अक्षरांत.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण ‘यंत्राला कळत नाही’ म्हणणाऱ्यांचा मुद्दाही पोकळ नाही. २०१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने एक मुद्दाम रचलेली स्थिती लोकांपुढे ठेवली. पांढऱ्याकडे राजा आणि प्यादी एवढेच. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट, पण वजीर व हत्ती प्याद्यांच्या भिंतीत अडकून निकामी झालेले आणि तिन्ही उंट फक्त काळ्या घरांवर फिरणारे. सर्वसामान्य खेळाडूलाही थोड्या विचाराने दिसते की काळा यातून जिंकू शकत नाही. इंजिने मात्र काळ्याला प्रचंड आघाडी दाखवत राहिली. कुंपण घातलेल्या, कुठूनही घुसता न येणाऱ्या स्थितींत असे आजही घडते. अनेक खेळ्या उलटतात, काहीच बदलत नाही, आणि आकडा मात्र हटत नाही. इथे माणसाची समज यंत्राच्या अंदाजाच्या पुढे आहे, हे निःसंशय.

पण यातून काय सिद्ध होते? आकडा चुकीचा होता, एवढेच. अशा स्थितीत आकडा कितीही फुगलेला असला, तरी पांढऱ्याच्या बाजूने खेळणारे इंजिन राजा इकडेतिकडे हलवत बरोबरी साधते, कारण दुसरे काही करण्यासारखे तिथे नसतेच. मूल्यमापन चुकणे आणि खेळ चुकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय उलट उदाहरण बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्येच देऊन ठेवले आहे. पांढरा राजा एच८ वर, प्यादे सी६ वर; काळा राजा ए६ वर, प्यादे एच५ वर; खेळी पांढऱ्याची. पांढरा राजा काळ्या प्याद्याला गाठण्यात दोन खेळ्या मागे आहे, आणि स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या टप्प्यात आहे. प्याद्याच्या चौकोनाचा नियम (प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत कल्पिलेल्या चौकोनात राजाला शिरता आले तरच तो प्याद्याला गाठतो) शिकलेला कोणीही म्हणेल, हरला. तरीही राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका उतरतो आणि डाव वाचतो, कारण तिरक्या वाटेने तो एकाच वेळी दोन कामे करतो: प्याद्याच्या जवळ जातो आणि स्वतःच्या प्याद्याच्या मदतीलाही येतो. पटावर तिरके अंतर सरळ अंतराइतकेच खेळ्यांत कापता येते, हे आपली नजर मानायला तयार नसते. इथे फसते ती माणसाची अंतर्दृष्टी. यंत्राला ही स्थिती कोड्यासारखी वाटतही नाही. चार मोहरे आहेत, उत्तर तयार आहे. समज माणसाकडे आणि हिशेब यंत्राकडे, ही वाटणी प्याद्यांच्या एंडगेममध्ये टिकतच नाही. इथे समज म्हणजेच हिशेब थोडक्यात करण्याची रीत आहे. चौकोनाचा नियम हा मोजण्याचा आडमार्ग आहे, आणि रेटी यांची कल्पना हा त्या आडमार्गाचा अपवाद आहे.

१९७६ मध्ये अ‍ॅपल आणि हाकेन यांनी चार रंगांचा सिद्धांत (कोणताही नकाशा शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगात ठेवून चार रंगांत रंगवता येतो) संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केला तेव्हा गणितज्ञांतही असाच वाद झाला होता. शेकडो प्रकरणे यंत्राने तपासली. माणसाला ती एका दृष्टिक्षेपात पटत नाहीत. मग ही सिद्धता मानायची का? सिद्धता मानली गेली, आणि तिच्यामागचे कारण अधिक स्वच्छ समजून घेण्याचे प्रयत्नही थांबले नाहीत. या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू आहेत, असे तिथे कोणी धरून बसले नाही. बुद्धिबळातच आपण का धरून बसावे?

मग करायचे काय? प्रक्षेपणापासून सुरुवात करता येईल. पटावर सात किंवा कमी मोहरे उरले की पट्टी आणि दशांशातला आकडा काढून टाकावा आणि विजय, बरोबरी किंवा पराभव यांपैकी एकच शब्द दाखवावा. ती माहिती सिद्ध आहे, तर तिला अंदाजाचा पोशाख कशाला? सातपेक्षा जास्त मोहरे असतील तेव्हा पट्टी राहू द्यावी, पण ती संभाव्यता आहे हे समालोचकाने सांगावे. प्याद्यांचा एंडगेम संभाव्य असेल तेव्हा त्याने अदलाबदलीनंतरची स्थिती मांडून दाखवावी. सिंगापूरच्या त्या खेळीला काहींनी बालिश म्हटले. पट्टी पाहत बसलेल्या प्रेक्षकाला तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्याला उत्तर आधी मिळाले होते आणि प्रश्न नंतर. त्याच प्रेक्षकाला पट्टी झाकून ती स्थिती दाखवली असती, तर किती जणांनी उंट डी५ ही खेळी सांगितली असती?

शिकवण्याच्या बाबतीत पालकांचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप वेळेचा असतो. शाळा, शिकवणी आणि स्पर्धा यांतून मुलाला आठवड्यात थोडेच तास मिळतात. ते सुरुवातीच्या चालींवर घालवले तर गुण लगेच वाढतात, एंडगेमवर घालवले तर फळ उशिरा मिळते. हे खरे आहे. पण पूर्वी डाव रात्रीसाठी तहकूब होत असे आणि एंडगेम घरी बसून, सहकाऱ्यांच्या मदतीने तपासता येत असे. १९९० च्या दशकात ती प्रथा संपली. आज अजिंक्यपदाच्या लढतीतही चाळीस खेळ्यांनंतर अर्धा तास आणि प्रत्येक खेळीला तीस सेकंद मिळतात. म्हणजे प्याद्यांचा एंडगेम आता नेमका अशा वेळी समोर येतो, जेव्हा तो पटावर बसून शोधण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तोही जलदगती टायब्रेकमध्ये, जिथे विचाराला वेळ आणखी कमी असतो. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एंडगेम नंतर शिकू म्हणणे हिताचे नाही.

इंजिन वर्गात जरूर असावे, पण परीक्षक म्हणून. मुलाने आधी इंजिन बंद ठेवून स्थितीचा निकाल एका शब्दात लिहावा, त्यामागचे कारण एका वाक्यात लिहावे, मुख्य खेळ्या लिहाव्यात. मग इंजिन सुरू करावे. निकाल जुळला आणि कारण चुकले असेल, तर ते उत्तर चूक धरावे. निकाल जुळला नाही, तर शिक्षकाने आधी विचारावे, की इंजिनाचा हा आकडा सारणीतून आला आहे, शोधातून आला आहे की नेटवर्कच्या अंदाजातून? सात मोहऱ्यांच्या आत असेल तर वाद संपला. बाहेर असेल तर शोध अधिक खोल जाऊ द्यावा आणि आकडा स्थिर राहतो की हलतो ते पाहावे. खोलीबरोबर सतत चढत किंवा उतरत जाणारा आकडा अजून तळाला लागलेला नसतो, आणि खोली वाढूनही हट्टाने एकाच जागी थांबलेला, ना वाढणारा ना शून्यावर येणारा आकडा पुष्कळदा कुंपण घातलेल्या स्थितीची खूण असतो. लास्कर-राइकहेल्मच्या स्थितीत हे अगदी लहान मुलालाही दाखवता येते: आधी आठ हजार शक्यतांचा हिशेब फळ्यावर मांडायचा, मग जोडीची घरे त्याच्याच हाताने पटावर खुणावून घ्यायची, आणि शेवटी इंजिनाला विचारायचे. बी१ ही खेळी यंत्राने सांगितली तेव्हा ती का, हे त्या मुलाला आधीच ठाऊक असेल.